पाऊस एका गावात, मोजणी दुसऱ्या गावात

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीत जगभरातील विलक्षण हवामानाविषयी पानभर मजकूर आला होता. वाळवंटातला पूर, किलोभर वजनाची गार, थंड देशात पन्नाशीला टेकलेला पारा अशा गोष्टी त्यात होत्या आणि माझ्या नातवंडांनी ते पान कापून भिंतीवर लावले, यावरून ते रंजक झाले होते याविषयी वाद नाही. मी माध्यमिक शाळेत सव्वीस वर्षे भूगोल शिकवला. आता निफाड तालुक्यातील आमच्या गावी शेती पाहतो, आणि १९९८ पासून अंगणात पर्जन्यमापक ठेवून रोज सकाळी साडेआठ वाजता त्याची नोंद वहीत करतो. त्या पानाविषयी माझी एक दुरुस्ती आहे आणि एक तक्रार आहे. पत्र लांबले आहे, त्याबद्दल आधीच क्षमा मागतो.

दुरुस्ती अशी की, जगातील सर्वाधिक तापमान म्हणून लिबियातील अल अझिझिया येथील १९२२ सालचे ५८ अंश सेल्सिअस आपण चौकटीत ठळक छापले आहेत. आमच्या विद्यार्थिदशेत हा आकडा भूगोलाच्या पुस्तकांतून पाठ करून घेतला जात असे आणि पुढे मीही तो कित्येक वर्षे फळ्यावर लिहिला. परंतु जागतिक हवामान संघटनेने २०१२ मध्ये, म्हणजे नोंद होऊन बरोबर नव्वद वर्षांनी, तो रद्द ठरवला. १३ सप्टेंबर १९२२ रोजी ती नोंद करणारा निरीक्षक कामात नवखा होता आणि वापरलेला तापमापक जुन्या घडणीचा व वाचायला फसवा होता. त्यातील दर्शकाचे भलतेच टोक वाचले गेल्यामुळे सुमारे ७ अंश जास्त लिहिले गेले असावेत, असा निष्कर्ष तज्ज्ञांनी मूळ नोंदपत्रक पाहून काढला. त्या पत्रकात आकडे चुकीच्या रकान्यात पडल्याचेही त्यांना आढळले. ही तपासणी चालू असतानाच लिबियात क्रांती झाली आणि समितीवर असलेल्या तेथील हवामान अधिकाऱ्यांशी काही महिने संपर्कच तुटला, तरीही समितीने काम सोडले नाही, हे वाचून माझ्यासारख्या वही राखणाऱ्या माणसाला फार बरे वाटले होते. तेव्हापासून हा मान कॅलिफोर्नियातील डेथ व्हॅलीकडे, १० जुलै १९१३ च्या ५६.७ अंशांकडे आहे. त्या नोंदीवरही शंका घेणारे जाणकार आहेत, पण ती अजून अधिकृत यादीत उभी आहे.

लिबियाला हसण्यासारखी आपली स्थिती नाही. २९ मे २०२४ रोजी दिल्लीतील मुंगेशपूरच्या स्वयंचलित केंद्राने ५२.९ अंश दाखवले आणि तो आकडा त्याच संध्याकाळी जगभर गेला. नंतर हवामान खात्याने केंद्राची तपासणी करून तेथील संवेदक सुमारे ३ अंश जास्त दाखवत असल्याचे जाहीर केले. त्याच आठवड्यात नागपुरातील एका स्वयंचलित केंद्रावर ५६ अंश उमटले, म्हणजे डेथ व्हॅलीच्या अगदी उंबरठ्याशी. तेही उपकरणाच्या बिघाडामुळे झाल्याचे खात्याने सांगितले. माझ्याकडे येणाऱ्या वर्तमानपत्रांत ५२.९ पहिल्या पानावर सचित्र होते आणि खुलासा आतल्या पानावर चार ओळींचा होता. आजही आमच्या पारावर कोणाला विचारले तर दिल्लीत त्रेपन्न अंश झाल्याचे सांगतात. भारतातील मान्य असलेले सर्वाधिक तापमान राजस्थानातील फलोदीचे, १९ मे २०१६ चे ५१ अंश आहे, हे कोणाच्या लक्षात नाही.

आता तक्रार. विलक्षण हवामान हे नेहमी एका विशिष्ट जागेचे आणि विशिष्ट घटकेचे असते. ती जागा आणि ती घटका काढून घेतली की मागे नुसता चमत्कार उरतो. आपल्या पानावर आकडे होते, पण तो पाऊस नेमका कोणत्या शिवारात, किती वेळात, कोणत्या मापकात पडला आणि शेजारच्या गावात त्या वेळी काय होते, हे एकाही चौकटीत नव्हते. आमच्याकडची म्हातारी माणसे वळवाच्या सरीविषयी म्हणत की तिच्यात बैलाचे एक शिंग भिजते आणि दुसरे कोरडे राहते. अतिरेकी हवामानाविषयी यापेक्षा नेमके वाक्य मला भूगोलाच्या कोणत्याही पुस्तकात सापडलेले नाही.

मुंबईचेच उदाहरण घ्या. २६ जुलै २००५ च्या पावसाचा सांताक्रूझचा ९४४ मि.मी. हा आकडा सर्वांना पाठ आहे. त्याच चोवीस तासांत कुलाब्याच्या वेधशाळेत सुमारे ७३ मि.मी. पाऊस झाला, हे त्या मानाने थोड्यांना माहीत आहे. दोन वेधशाळांमधले अंतर वीस-बावीस किलोमीटरांचे आहे. माझे मेहुणे तेव्हा फोर्टात नोकरीला आणि राहायला कुर्ल्याला होते. दुपारी कचेरीच्या खिडकीतून त्यांना जुलैतला नेहमीचा पाऊस दिसत होता, म्हणून चारच्या सुमारास छत्री घेऊन ते निघाले. लोकल दादरच्या पुढे सरकेना, शीवपासून पाणी कमरेला लागले, आणि घरी ते दुसऱ्या दिवशी दुपारी पोहोचले. त्यांच्या साहेबांनी कोणालाही लवकर सोडले नव्हते आणि यात साहेबांचा दोष मला दिसत नाही, कारण त्यांच्या खिडकीबाहेर खरोखरच काही घडत नव्हते. त्या दिवशी मुंबईत ढगांतला पाऊस दुरून टिपणारे डॉप्लर रडार नव्हते आणि शहराच्या पावसाचे मोजमाप मुख्यतः या दोन वेधशाळांवरच चालत असे. पुढे माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली गेली, तिचा अहवाल आला, आणि महापालिकेने शहरात ठिकठिकाणी दर पंधरा मिनिटांना आकडा देणारी स्वयंचलित पर्जन्यमापके बसवली. आज अंधेरीत किती आणि भायखळ्यात किती हे मुंबईकराला तासाभरात कळते. यासाठी मोजावी लागलेली किंमत आपण जाणताच.

एक बारीक गोष्ट येथेच नोंदवतो, कारण वर्तमानपत्रांतून ती सर्रास चुकते. आपल्याकडे पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो. त्यामुळे २६ जुलैच्या दुपारी पडलेला पाऊस खात्याच्या कागदावर २७ जुलैच्या तारखेने येतो. तारीख आणि वेळ दोन्ही न लिहिता नुसते ‘चोवीस तासांत’ असे छापले की एकच पाऊस दोनदा मोजला जातो, किंवा दोन वेगळे पाऊस एकत्र होतात. माझ्याकडे दोन्ही प्रकारची कात्रणे आहेत.

आपल्या पानावर स्पेनमधील वालेन्सियाच्या पुराला तीन ओळी मिळाल्या आहेत. त्याविषयी मला थोडे सविस्तर लिहायचे आहे, कारण जागेचा आणि वेळेचा प्रश्न किती जीवघेणा असतो हे तेथे दिसले तितके स्पष्ट मी अन्यत्र पाहिलेले नाही. २९ ऑक्टोबर २०२४ रोजी वालेन्सिया शहराच्या पश्चिमेला डोंगराच्या बाजूला असलेल्या तुरीस या गावी दिवसभरात ७७१.८ मि.मी. पाऊस मोजला गेला, आणि त्यातील १८४.६ मि.मी. एका तासात पडले. तासाचा हा आकडा स्पेनमधला विक्रम आहे. वालेन्सिया शहराचा वर्षाचा पाऊस साडेचारशे मि.मी.च्या आसपास असतो. उंचावरील थंड हवेचा एक तुकडा मुख्य प्रवाहापासून तुटून त्या भागावर अडकून राहिला होता आणि खालून भूमध्य समुद्रावरची उबदार, बाष्पाने भरलेली हवा डोंगरावर चढत होती. तेथील लोक या प्रकाराला पूर्वापार ‘थंड थेंब’ अशा अर्थाच्या नावाने ओळखतात, म्हणजे तो त्यांना अपरिचित नाही. परंतु सव्वादोनशेच्या आसपास जे लोक मृत्यू पावले, त्यांतील बहुसंख्य लोक शहराच्या दक्षिणेकडील सपाटीवरच्या पायपोर्तासारख्या गावांतले होते, आणि तेथे त्या संध्याकाळी पाऊस जवळजवळ नव्हताच.

हे दृश्य डोळ्यांपुढे आणून पाहावे. रस्ते कोरडे आहेत, दुकाने उघडी आहेत, लोक कामावरून परतत आहेत, आणि गावामधून जाणारा पोयो नावाचा ओढा, जो वर्षातील बहुतेक दिवस कोरडाच असतो, काही मिनिटांत भरून रस्त्यावर येतो. पाणी वाढू लागले तेव्हा अनेक जण इमारतीच्या तळघरातील गाडी वर काढण्यासाठी खाली उतरले, आणि त्यांतील कित्येक वर आलेच नाहीत. तेथील हवामान संस्थेने लाल इशारा सकाळी साडेसातच्या सुमारास दिलेला होता. लोकांच्या मोबाइलवर धोक्याचा संदेश वाजला तो रात्री ८ वाजून ११ मिनिटांनी. तोवर पायपोर्तात पाणी घरांत शिरून तास-दीड तास उलटला होता. वालेन्सिया शहराचा मध्यभाग मात्र वाचला. १९५७ च्या महापुरानंतर तुरिया नदीचे पात्रच शहराबाहेरून नवे खणून काढले होते, त्याचा तो उपयोग झाला. नव्या पात्राच्या पलीकडे दक्षिणेला जी गावे राहिली, तीच या वेळी बुडाली. शहराच्या सरासरी पावसावरून त्या दिवसाचा कोणी काही अंदाज केला असता, तर तो किती कामाचा ठरला असता हे मी सांगायला नको.

कॅनडातील लिटन या गावाची गोष्ट आपण छापली आहे, पण ते गाव कुठे वसले आहे हे न सांगता. फ्रेझर आणि थॉम्पसन या नद्यांच्या संगमावर, कोकणातल्या एखाद्या खाडीकाठच्या गावासारखे ते डोंगरांच्या खोबणीत बसलेले आहे. जून २०२१ च्या अखेरीस त्या सगळ्या प्रदेशावर उष्ण हवेचा घुमट बसला. घुमटाखाली हवा वरून खाली दबत होती, आणि दबणारी हवा तापते. दरीत ती आणखी तापली. २७ जूनला ४६.६, २८ ला ४७.९ आणि २९ ला ४९.६ अंश असे तीन दिवस ओळीने कॅनडाचा राष्ट्रीय विक्रम मोडत गेला. १९३७ पासून तो ४५ अंशांवर होता. ३० जूनला वणव्याने गाव जवळजवळ सगळेच जाळून टाकले. चंद्रपूरकरांना ४७ अंशांचे फारसे अप्रूप वाटणार नाही, पण ब्रिटिश कोलंबिया प्रांतात त्या उष्णतेने ६१९ माणसे दगावली, आणि त्यांत बहुसंख्य वयस्क मंडळी होती, जी आपापल्या घरातच गेली. तेथील घरे ऊब धरून ठेवण्यासाठी बांधलेली असतात. ४७ अंशांचा अर्थ चंद्रपुरात वेगळा आणि तेथे वेगळा.

अमेरिकेतील स्पिअरफिश गावी २२ जानेवारी १९४३ च्या सकाळी दोन मिनिटांत उणे २० वरून अधिक ७ अंशांपर्यंत पारा चढल्याचे आपण ‘अविश्वसनीय’ म्हणून दिले आहे. ते विश्वसनीय आहे. डोंगर उतरून येणारा कोरडा, उबदार वारा आणि खोऱ्यात साचलेली गोठलेली हवा यांची सीमारेषा त्या गावावरून पुढे-मागे सरकत होती, एवढेच.

यासाठी साता समुद्रापार जाण्याचीही गरज नाही. दर डिसेंबरात ‘महाबळेश्वर गोठले’ अशी बातमी येते आणि सोबत वेण्णा तलावाच्या जेटीवर गोठलेल्या दवाचे छायाचित्र असते. छायाचित्र खरे असते; परंतु त्याच पहाटे महाबळेश्वरच्या वेधशाळेतले किमान तापमान शून्याच्या बरेच वर असते. निरभ्र, वारा नसलेल्या रात्री जमीन उष्णता आकाशात सोडून देते, तिला टेकलेली हवा थंड आणि जड होऊन उतारावरून ओघळते आणि तलावाच्या सखल भागात येऊन साचते. आमच्या निफाडच्या थंडीतही या ओघळणाऱ्या हवेचा हात आहे. द्राक्षबागायतदाराला हे शिकवावे लागत नाही: बागेच्या खोलगट कोपऱ्यातल्या चार ओळींनाच थंडीचा चटका बसतो हे त्याला ठाऊक असते, आणि पहाटे तीन वाजता शेकोटी तो त्याच कोपऱ्यात पेटवतो, ठिबकचे पाणीही तेथेच आधी सोडतो. मण्याला तडा गेला की निफाडजवळच्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर पारा कितीवर होता, याने त्याचे समाधान होत नाही.

दुबईच्या पुराविषयी दोन शब्द. १६ एप्रिल २०२४ चा संयुक्त अरब अमिरातीतला विक्रमी पाऊस, २५४.८ मि.मी., दुबईत पडलाच नव्हता. तो अल ऐन भागातील खत्म अल शकला येथे पडला, जे दुबईपासून शंभरेक किलोमीटरांवर आणि वेगळ्या अमिरातीत आहे. १९४९ पासूनच्या तेथील नोंदींत एवढा पाऊस नाही. दुबईतही पुष्कळ पडला आणि ज्या शहरात पाणी वाहून जायला पुरेशी गटारे नाहीत तेथे तो साचला. माझा पुतण्या शारजात असतो. त्याच्या इमारतीसमोरचे पाणी टँकर लावून उपसत होते आणि तो दिवसाला चार वेळा त्याचे चित्रण पाठवत होता. रस्त्यावरून प्लॅस्टिकच्या होडीत बसून किराणा आणणारा माणूस मी त्यातच पाहिला. कृत्रिम पावसासाठी विमानाने ढगांत बीजारोपण केल्यामुळे हे घडले, अशी वावडी तेव्हा आपल्याकडेही जोरात होती. तेथील हवामान केंद्राने ती नाकारली, आणि इतक्या दूरवर पसरलेली वादळी प्रणाली चार विमाने निर्माण करू शकत नाहीत हे साध्या हिशेबानेही कळते. मात्र ओमान आणि इराणपर्यंत पसरलेल्या त्या ढगांचा उपग्रहावरचा नकाशा एका बाजूला आणि विमानाची अफवा दुसऱ्या बाजूला, यांत लोकांनी अफवाच उचलली. आमच्याकडे पावसाने ओढ दिली असता आकाशात विमान दिसले की ‘ढग पळवले’ म्हणणारे लोक आहेतच, त्यामुळे मला आश्चर्य वाटले नाही.

हवा एका अंशाने तापली की ती सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरू शकते, हा भौतिकशास्त्राचा जुना नियम आहे. म्हणजे ढग रिकामा होतो तेव्हा पूर्वीपेक्षा अधिक पाणी ओततो. तो कुठे रिकामा होईल हे या नियमातून कळत नाही, आणि म्हणूनच मापकांचे जाळे दाट असावे लागते.

आता आमच्या गावाची गोष्ट सांगतो, कारण हे पत्र लिहिण्यास तीच कारणीभूत आहे. तीन वर्षांपूर्वी सप्टेंबरातल्या एका संध्याकाळी पाच वाजता पूर्वेकडून काळेभोर आभाळ आले आणि सव्वापाचला जो पाऊस सुरू झाला तो सातच्या पुढे थांबला. पावणेसात वाजता मापक भरून वाहील या भीतीने मी घोंगडी डोक्यावर घेऊन बाहेर गेलो, साचलेले पाणी मोजून ओतले, आणि थांबल्यावर पुन्हा मोजले: दोन्ही मिळून ११८ मि.मी. काढणीला आलेले सोयाबीन आडवे झाले, कांद्याची टाकलेली रोपे मातीसकट ओढ्याला गेली, आणि खालच्या आळीतल्या दोन घरांत चुलीपर्यंत पाणी आले. ओढ्याच्या पलीकडे दोन किलोमीटरांवर माझ्या बहिणीचे सासर आहे. तेथे अंगण भिजले, एवढेच.

आमच्या महसूल मंडळाचे, म्हणजे आसपासच्या गावांच्या सरकारी गटाचे, स्वयंचलित केंद्र गावापासून नऊ किलोमीटरांवर आहे. त्या दिवशी तेथे ४१ मि.मी. नोंदले गेले. चोवीस तासांत ६५ मि.मी.पेक्षा अधिक पाऊस मंडळात नोंदला गेला तर अतिवृष्टी धरायची असा निकष आहे, हे आपल्या वाचकांपैकी शेतकरी असलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. ज्या कार्यालयात आम्ही नुकसानभरपाईचा अर्ज घेऊन गेलो, तेथील कर्मचारी सभ्यपणे बोलले. त्यांनी संगणकाचा पडदा आमच्याकडे वळवून दाखवला आणि म्हणाले, ‘गुरुजी, तुमच्या मंडळात अतिवृष्टी झालेलीच नाही.’ मी वही पुढे केली. त्यांनी ती चाळली, अक्षराचे कौतुक केले आणि परत दिली. एका तरुणाने मोबाइलवर ओढ्याचे चित्रण दाखवले, तर चित्रणाला मिलिमीटर नसतात असे उत्तर मिळाले, आणि ते नियमाला धरूनच होते. पुढे बऱ्याच खेपा घातल्यावर प्रत्यक्ष पाहणी झाली. तोवर सोयाबीन उपटून हरभऱ्यासाठी रान तयार केलेले होते, त्यामुळे पाहायला काही उरले नव्हते.

गारपिटीचे तर विचारूच नये. २०१४ च्या फेब्रुवारीअखेरपासून मार्चच्या मध्यापर्यंत मराठवाडा, विदर्भ आणि उत्तर महाराष्ट्र गारांनी झोडपून निघाला, तेव्हाही ती पट्ट्यापट्ट्यानेच झाली. बांधाच्या अलीकडची बाग उघडीबोडकी आणि पलीकडची हिरवी, असे मी स्वतः पाहिले. त्या वेळी मी लिंबाएवढी एक गार पाटावर ठेवून विळीने दोन तुकडे केले होते. आत कांद्यासारखी पुडे होती, एक पांढरे, एक काचेसारखे, मग पुन्हा पांढरे. ढगातल्या वर चढणाऱ्या वाऱ्याने ती गार निरनिराळ्या थरांतून कशी वाढवली, याचा तो हिशेब होता. मुलांना दाखवेपर्यंत तिचे पाणी झाले. आपण छापलेली बांगलादेशातल्या गोपाळगंजची १४ एप्रिल १९८६ ची गार १.०२ किलोची होती, आणि आपल्याच देशात मुरादाबादेजवळ ३० एप्रिल १८८८ रोजी गारांच्या माऱ्याने २४६ माणसे मेली, हे दोन्ही आकडे जागतिक संघटनेने तपासून घेतलेले आहेत. गोपाळगंजची गार वितळण्याआधी कोणीतरी तराजूत घातली, म्हणून आज तिचे वजन आपल्याला माहीत आहे. आमच्या मंडळातल्या मापकाला गार कळत नाही. त्याच्यापर्यंत पोहोचते ते तिचे पाणी.

प्रशासनाकडे माझे मागणे असे की, ग्रामपंचायतीत किंवा शाळेत साधे, हाताने वाचायचे पर्जन्यमापक बसवावे, मुख्याध्यापकांच्या सहीची नोंदवही ठेवावी, आणि मंडळाच्या केंद्राचा आकडा व गावचा आकडा यांत मोठी तफावत असेल तेव्हा अठ्ठेचाळीस तासांत पाहणी होईल एवढे तरी बंधन घालावे. वही खोटी लिहिली जाईल, असा आक्षेप लगेच येईल. येऊ द्यावा, शेजारपाजारच्या पाच वह्या जुळवून पाहिल्या की खोटी वही ओळखता येते, आणि अल अझिझियाचे नोंदपत्रक नव्वद वर्षांनी पकडले गेलेच की. शिवाय यंत्रे चुकत नाहीत असे म्हणायला २०२४ च्या मे महिन्यानंतर जागा राहिलेली नाही.

आपल्याकडे मागणे त्याहून लहान आहे. पावसाळ्यात आपण जिल्ह्याच्या सरासरीचा तक्ता छापता, त्याऐवजी किंवा त्यासोबत मंडळनिहाय आकडे द्यावेत, आणि मोठा पाऊस झाला असेल तेथे तो किती तासांत पडला हेही द्यावे. दिवसभरात १०० मि.मी. रिमझिम झाले तर ते रान पिते, तासाभरात झाले तर रानच वाहून जाते. ‘ढगफुटी’ हा शब्द तासाला १०० मि.मी.चा पाऊस लहानशा क्षेत्रावर झाल्याची नोंद असेल तेव्हाच मथळ्यात घ्यावा. गेल्या हंगामात आपल्या जिल्हा पानावर तो मी अकरा वेळा मोजला आणि एकाही बातमीत तासाचा आकडा नव्हता. उन्हात उभ्या केलेल्या मोटारीच्या काट्यावर ४९ अंश दिसतात, ते छायाचित्र तापमानाचा पुरावा म्हणून छापू नये. आणि एखादा विक्रम पहिल्या पानावर छापला असेल आणि तो पुढे मागे घेतला गेला, तर ती बातमीही पहिल्याच पानावर यावी. ५८ अंशांपासून सुरुवात करता येईल.

माझ्या वहीतील १९९८ पासूनच्या नोंदींच्या छायाप्रती हव्या असल्यास मी स्वखर्चाने पाठवीन. त्यात ऑगस्ट २००६ मधले चार दिवस कोरे आहेत. तेव्हा मी आजारी होतो आणि मापकाच्या नरसाळ्यात पाला अडकला होता. बरा झाल्यावर शेजाऱ्यांनी अंदाजाने आकडे सुचवले, पण त्या चार ओळींत मी काही लिहिले नाही.

आपला विश्वासू,
एक निवृत्त भूगोल शिक्षक
ता. निफाड, जि. नाशिक